हिरवळीचा हिशेब

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या डॅलस शहराच्या एका उपनगरात राहतो. यंदाच्या वैशाखात त्याने तिथे घर घेतले आणि घरापुढे हिरवळ घातली. तिचे बिल त्याने मला फोनवर पाठविले. 'मामा, गवताला किती पैसे मोजले ते पाहा,' एवढाच मजकूर. पाहिले. चार हजार चौरस फुटांच्या अंगणाला सहा हजार डॉलर पडले होते. बाबी तीन: जुने गवत मारून काढणे, जमीन सपाट करणे, आणि नव्या गवताच्या लाद्या आणून अंथरणे. पहिल्या बाबीकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

लाद्या म्हणजे शहाबादी फरशीच्या नव्हेत. दूरच्या शेतात मुद्दाम वाढविलेले गवत मुळांमातीसकट पट्ट्यापट्ट्यांनी सोलून काढतात, सतरंजीसारखे गुंडाळतात, ट्रकात घालून आणतात आणि अंगणात एकाला एक भिडवून पसरतात. सकाळी उघडी माती आणि दिवेलागणीला हिरवेगार अंगण!

बिलाबरोबर फोटो होता. तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि मी हसलोच. जमिनीसरसे आडवे धावणारे दांडे, पेरापेराला सुटलेली मुळे, बारीक टोकदार पाती. गणपतीपुढे बसून ज्याने बालपणी दूर्वा निवडल्या आहेत असा कोणीही मनुष्य ते गवत ओळखील. ती हरळी होती. तिकडे तिला बर्म्युडा गवत म्हणतात. त्या बेटांशी तिचे नाते नावापुरतेच. ती मूळची जुन्या जगातली, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात पोचली ती अठराव्या शतकात. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. पहिल्या शब्दाचा अर्थ कुत्र्याचा दात, आणि दुसऱ्याचा संबंध बोटांशी. तिचा तुरा ज्याने पाहिला आहे त्याला ही बोटे सांगावयास नकोत.

माझे हसणे फार वेळ टिकले नाही, कारण आमच्या घराण्यात हरळीचे एक बिल पूर्वीच चुकते झालेले आहे.

प्रवरेच्या काठी, नेवाशाजवळ, आजोबांची सात एकर काळी जमीन होती. तिच्यातल्या दोन एकरांत हरळी शिरली होती. ज्याने शेत केलेले नाही त्याला हरळी म्हणजे पूजेच्या तबकातली कोवळी त्रिदळे. काळ्या जमिनीतली हरळी निराळी. वर चार बोटे दिसते आणि खाली हातभर, कधी त्याहूनही खोल उतरलेली असते. तिला बियांची गरज नाही. दांड्याच्या पेरापेराला डोळा असतो. तुकडा ओल्या मातीत पडला की तिथे नवी हरळी. लाकडी नांगर तिच्यावरून फिरविला तर ती मरत नाही; नांगर तिचे तुकडे करतो आणि शेतभर लावीत जातो. नांगरट कुणब्याने करावी आणि लावणी हरळीची व्हावी! त्या जमिनीत ज्वारी पिवळी पडते, आणि कणीस धरले तरी त्यात दाणा भरत नाही.

उपाय एकच होता, आणि तो अंगमेहनतीचा. चैत्र-वैशाखात जमीन तापून दगड झाली की पहारींनी ती खोलवर उकलावयाची, ढेकळे उलथी पाडून उन्हात टाकावयाची, मुळ्या वेचून बांधावर ढीग घालावयाचे आणि वाळले की पेटवावयाचे. एका उन्हाळ्यात हे काम पुरे होत नाही. लोखंडी नांगर त्या वेळी निघाले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला पहिला नांगर १९०३ साली केला. लोखंड लागले की जमिनीला विष चढते अशी समजूत असल्यामुळे आरंभी ते नांगर विकले जाईनात, ही हकीकत प्रसिद्धच आहे. परंतु हरळीच्या खाली जाईल असा जड नांगर ओढावयाचा तर बैलांच्या तीनचार जोड्या हव्यात. आजोबांपाशी होती एक.

१९३४ साली त्यांनी माणसे लावून ती दोन एकर जमीन खणविली. मजुरी देण्यासाठी दुसरे दोन एकर गहाण टाकले. ते दिवस मंदीचे. ज्वारी-बाजरीचे भाव कोसळलेले. गहाण सुटले नाही. हरळीतून दोन एकर मोकळे झाले आणि सावकाराकडे दोन एकर गेले. आजोबा मला ही गोष्ट सांगत तेव्हा त्यात कडवटपणा नसे. मात्र चालता चालता पायवाटेवर हरळीचा दांडा दिसला तर ते खाली वाकून तो मुळासकट उपटीत, आणि फेकून न देता खिशात घालीत. फेकला तर तिथे रुजेल!

आजीचे मत वेगळे होते. बांधावरची हरळी तिने कोणाला खणू दिली नाही. हरळीने बांध धरून ठेवला आहे, पावसात माती वाहून जात नाही, शेळीला चारा होतो आणि भाद्रपदात दूर्वा शोधीत फिरावे लागत नाही, हे तिचे म्हणणे. तेही खोटे नव्हते.

तेव्हा मनात प्रश्न असा आला, की जे गवत काढण्यासाठी आमच्या घरची जमीन गेली, ते घालण्यासाठी पैसे मोजण्याची चाल जगात आली कुठून? आणि ते पैसे खरोखर मोजले कोणी?

शोधता शोधता तेराव्या शतकातल्या एका जर्मन धर्मगुरूपाशी येऊन पोचलो. आल्बेर्टुस माग्नुस हे त्याचे नाव. मोठा विद्वान मनुष्य. १२६० च्या सुमारास त्याने वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यात मन रमविण्यासाठी बाग कशी करावी, हे सांगताना हिरवळीची कृती दिली आहे. आधी जमिनीतल्या सगळ्या मुळ्या खणून काढाव्यात. मग जमीन सपाट करून तिच्यावर भरपूर उकळते पाणी ओतावे, म्हणजे आत राहिलेल्या मुळ्या आणि बिया मरून जातील. नंतर बारीक गवताच्या लाद्या पसरून लाकडी मोगरीने ठोकाव्यात, पायांनी तुडवाव्यात, इतक्या की गवत दिसेनासे व्हावे. पुढे ते केसासारखे बारीक वर येते. कृती वाचताना मला आजोबा आठवले. खटाटोप सगळा त्यांचाच! खणा, मुळ्या वेचा, उरल्यासुरल्या मारा. एवढे झाल्यावर आजोबा ज्वारी पेरीत. हा साधू त्याच जागी पुन्हा गवत ठोकून बसवितो. ज्याच्या कोठारात धान्य आधीच येऊन पडलेले आहे त्यालाच हे सुचू शकते.

लाद्यांसाठी मुद्दाम गवत पिकविण्याची रीत अलीकडची. शतकानुशतके लादी सोलून आणीत ती कुरणातून. मेंढरांनी खुरटून खुरटून गवत दाट आणि बारीक केलेले असे, तेच पसंत पडे. इंग्लंडात तिचे माप पुढे ठरूनच गेले: तीन फूट लांब, एक फूट रुंद, जाडी इंच-सव्वा इंच. गवंडी विटांचे सांधे चुकवितो तसे सांधे चुकवून ती बसवीत. खरा खर्च मात्र बसविल्यानंतर सुरू होई. गवत वाढते, आणि ते कापावयास माणूस लागतो. पहाटे दव असताना, लांब दांड्याच्या विळ्याने एका ओळीत पावले टाकीत माळ्यांनी गवत कापावयाचे. मागून बायकापोरांनी ते गोळा करावयाचे. ज्या जमिनीतून मूठभर दाणे येत नाहीत, ज्या जमिनीवर गाय चरत नाही, तिच्यावर माणसे राबविणे परवडते हे शेजाऱ्याला दिसावे, हाच हिरवळीचा हेतू होता असे म्हटले तर इंग्रज वाचक रागावतील. पण म्हटल्यावाचून राहवत नाही.

अठराव्या शतकात हा षोक शिगेला पोचला. लॅन्सलॉट ब्राऊन नावाचा उद्यानरचनाकार त्या काळी उमरावांच्या गळ्यातला ताईत होता. जागा पाहिली की 'इथे पुष्कळ वाव आहे' असे तो म्हणे, म्हणून त्याला 'केपेबिलिटी' हे टोपणनाव पडले. महालाच्या पायरीपासून नजर पोचेल तिथवर गवत उतरत गेले पाहिजे, ही त्याची तऱ्हा. आता नजरेच्या आड येईल ते काढले पाहिजे हे ओघानेच आले. डॉर्सेट परगण्यातल्या लॉर्ड मिल्टनच्या नजरेआड आले ते मिडलटन नावाचे अख्खे गाव. बाजारपेठेचे गाव, शंभरावर घरांचे. १७७० नंतरच्या वीस वर्षांत त्याने एकेक घर ताब्यात घेऊन ते पाडले आणि माणसांसाठी डोंगराआड नवी वस्ती बांधली. हॅरिसन नावाचा एक वकील हटेना. तेव्हा लॉर्डसाहेबांनी तळ्याचे पाणी सोडून त्याच्या घरात शिरविले, आणि वकिलाने दावा लावून तो जिंकला, असे तिथे आजही सांगतात. गाव मात्र गेले ते गेलेच. ती नवी वस्ती मिल्टन ॲबस या नावाने आज प्रवाशांचे आकर्षण आहे, आणि जुन्या गावाच्या जागेवर गवत उत्तम आहे. या हिरवळीचा दर चौरस फुटाला किती पडला असेल, याचे गणित कसे मांडावयाचे?

ही चैन उमरावांच्या हातून मध्यमवर्गाच्या हाती आली ती एका गिरणीतल्या यंत्रामुळे. ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड गावाभोवती लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरचे लव सारखे कातरण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांचे यंत्र असे. एडविन बडिंग या कारागिराच्या मनात आले, जे लोकरीला चालते ते गवताला का चालू नये? १८३० साली त्याने गवतकापणीच्या यंत्राचे पेटंट घेतले. विळ्याची पहाट संपली. घरमालकाला स्वतःच यंत्र ढकलता येऊ लागले. या मनुष्याने अगणित माणसांना रविवारची सकाळ अशी कामाला लावली, त्याबद्दल त्याला दुवा द्यावा की शिव्या, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इंग्रज जिथे गेला तिथे हा षोक त्याच्याबरोबर गेला. मुंबईत आला तेव्हा त्याला कोटाबाहेर मोकळे मैदान आयते मिळाले. आपल्याकडे गवताची किंमत रोखठोक रुपयांत मोजली गेली ती अशा जागी. १८३८ साली सरकारने गुरे चारण्यावर फी बसविली. गरीब गवळ्याला ती झेपेना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाईंनी पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वाराच्या बाजूला समुद्रालगतची कुरणे विकत घेतली आणि गुरांना मोफत चरावयास मोकळी केली. चरणीवरून चर्नी रोड हे नाव पडले, असे म्हणतात. ठाण्याच्या चेंदणीवरून ते आले असे म्हणणारेही आहेत, आणि दोघांचा तंटा मी सोडवू शकत नाही. पुढे १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला. त्याची हिरवळ राखीव. बाकीच्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. गोऱ्या साहेबांना पोलो खेळावयाचा असे तो मात्र आपल्या हिरवळीवर नव्हे, तर या पोरांच्या मैदानावर. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जाई आणि चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहत नसे. १८८१ साली एतद्देशीय खेळाडूंनी गव्हर्नराकडे अर्ज केला. निर्णय कधी इकडे, कधी तिकडे, असे ते प्रकरण कैक वर्षे रखडले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने १८९७ साली त्याचा समग्र वृत्तांत छापला. अखेर समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर जिमखान्यांना जागा मिळाल्या. मरीन लाइन्सला आपण ज्या पाहतो त्या. आणि गंमत ही, की आपल्या क्रिकेटच्या मैदानांवर पुष्कळदा असते ते गवत म्हणजे आजोबांची हरळीच!

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. लाद्यांचा खरा बाजार तिथला. एक गोष्ट त्या लोकांवर नेहमी सांगितली जाते. एक धनाढ्य अमेरिकन इंग्लंडातल्या जुन्या कॉलेजात हिरवळ पाहून हरखला आणि ती कशी केली म्हणून माळ्याला विचारू लागला. माळी म्हणाला, 'सोपे आहे. बी पेरा, रूळ फिरवा, कापा. आणि हेच तीनचारशे वर्षे करीत राहा.' लादी हे अमेरिकनाचे त्या माळ्याला उत्तर आहे. बी पेरले तर चौरस फुटाला काही सेंटांत काम होते, पण धीर धरावा लागतो. बसविलेल्या लादीला आज साधारण एक ते दोन डॉलर पडतात. मधला फरक हा वेळेचा भाव, आणि वाहतुकीचाही. कारण साडेचारशे चौरस फूट लाद्यांचे वजन पाऊण टनापासून दीड टनापर्यंत भरते. हिरवळ वाहून नेणे म्हणजे शेत वाहून नेणे.

हा षोक तिथे घरोघर पोचविला तो लेव्हिट बापलेकांनी. दुसरे महायुद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांसाठी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात त्यांनी सतरा हजारांवर घरे बांधली. त्या वस्तीचे नाव लेव्हिटटाउन. थोरल्या लेव्हिटला बागेचे भारी वेड. घरटी हिरवळ तयार करून दिलेली, आणि करारात अट: १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर दर आठवड्याला गवत कापलेच पाहिजे. त्याच करारांत आणखी एक कलम होते. घरकामाचे नोकर सोडले तर गोऱ्यावाचून दुसऱ्या वंशाच्या माणसाने तिथे राहावयाचे नाही. असल्या अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, तरी वस्ती गोरीच राहिली. युद्धाहून परतलेल्या काळ्या सैनिकाला ती हिरवळ कोणत्याही भावाने मिळण्यासारखी नव्हती.

एकदा मात्र अमेरिकेत हिरवळीने स्वतः पैसे मिळविले. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, प्रेसिडेंट विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढरे सोडली. माळ्यांची मजुरी वाचली, आणि लोकर लिलावात विकून रेडक्रॉसला पन्नास हजारांवर डॉलर मिळाले. आजीला हे फार पटले असते.

भाच्याच्या अंगणातली हरळी ज्याच्या हातची, त्याची कथा तर थेट आपल्या भाकरीपर्यंत येऊन भिडते. जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी शेतकी संशोधन केंद्र आहे. तिथे १९३६ साली ग्लेन बर्टन रुजू झाला. तिकडचा कापूस पिकविणारा शेतकरी हरळीला आमच्या आजोबांइतकाच भ्यालेला. बर्टनने तिच्यापासून आधी १९४३ साली गुरांसाठी एक भरघोस वाण काढले, आणि मग तो हिरवळीकडे वळला. आपली हरळी आणि तिची दक्षिण आफ्रिकेतली एक नाजूक चुलतबहीण यांच्या संकरातले 'टिफवे' हे वाण १९६० साली बाहेर आले. ते दाट, बारीक, गर्द हिरवे आहे, आणि वांझ आहे. त्याला रुजणारे बी येत नाही. ते हवे असेल तर जिवंत तुकडा किंवा लादी विकत घेणे प्राप्त; पेरणीची स्वस्त वाट बंद! आजोबांच्या शेतात तुकड्या-तुकड्यांनी पसरण्याचा जो तिचा गुण त्यांना भिकेला लावीत होता, तोच गुण इकडे बाजार झाला.

याच बर्टनने बाजरीवरही काम केले. 'टिफ्ट २३ ए' हे त्याचे नर-वंध्य वाण भारतात आले, आणि त्याच्यापासून १९६५ साली आपली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, निघाली. माझ्या चुलत्यांनी ती नेवाशाला पेरली होती. पहिली दोन-तीन वर्षे कणसे अशी लागली की लोक पाहावयास येत. मग गोसावी रोग आला. कणसात दाण्यांऐवजी पानेच पाने. १९७० नंतर देशभर त्या रोगाने त्या बाजरीची दैना केली आणि नवी वाणे शोधावी लागली. आजोबा तेव्हा हयात होते. ज्या साहेबाने ही बाजरी दिली त्यानेच अंगणासाठी हरळी काढली आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. बरे झाले.

आता चक्र उलटे फिरू लागले आहे. २००५ सालच्या एका अभ्यासात, उपग्रहांच्या छायाचित्रांवरून, अमेरिकेतल्या हिरवळीचे क्षेत्र सुमारे एक लाख चौसष्ट हजार चौरस किलोमीटर भरले. ओलिताखालच्या कोणत्याही पिकाहून जास्त. पाणी आणावयाचे कुठून? कोलोरॅडो नदी आटत चालली, तसे वाळवंटातल्या लास व्हेगासने १९९९ सालापासून हिरवळ उखडणाऱ्या घरमालकाला पैसे द्यावयास आरंभ केला. काही वर्षे हा दर चौरस फुटाला तीन डॉलर होता. म्हणजे भाच्याने जे दीड डॉलरला घातले ते काढण्याबद्दल तिथे दुप्पट मिळत होते! दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पाणीपुरवठा मंडळाने २०१५ च्या दुष्काळात याच कामासाठी चौतीस कोटी डॉलर काढले, आणि लोकांची एवढी झुंबड उडाली की थैली काही आठवड्यांत आटोपली. नेव्हाडा राज्याने तर २०२१ साली कायदाच केला: रस्त्याच्या मधली आणि कचेऱ्यांपुढची, नुसती बघण्याची हिरवळ असेल, तिला १ जानेवारी २०२७ पासून कोलोरॅडोचे पाणी मिळावयाचे नाही. घरगुती अंगणे तूर्त वगळली आहेत.

हरळी खणावी म्हणून सरकार पैसे देते! १९३४ साली असे काही असते तर आमच्या सातबाऱ्यावर आज दोन एकर अधिक असते.

हे सगळे वाचून झाल्यावर भाच्याच्या बिलातली पहिली बाब आठवली. 'जुने गवत मारून काढणे.' मी फोन केला आणि विचारले, घर घेतलेत तेव्हा अंगणात गवत कोणते होते रे? त्याला सांगता येईना. सूनबाईंनी फोन घेतला. त्या नगरकडच्याच, त्यांना ठाऊक होते. "मामा, साधी हरळीच होती हो. नव्या संकरित लादीत ती घुसली तर लादी खराब होते म्हणतात. म्हणून दोनदा औषध फवारून मारली, आणि मग वर ही घातली."

भाद्रपदात त्यांच्याकडे गणपती बसला. दूर्वांसाठी त्या हिरवळीवर गेल्या, पण तिच्यावर आठवड्यापूर्वीच फवारणी झालेली. शिवाय यंत्राने इतकी आखूड कातरलेली की तीन पात्यांचा शेंडा हाती येईना. घराच्या मागे, कचऱ्याचे डबे ठेवतात त्या सिमेंटच्या भेगेत, जुनी हरळी पुन्हा फुटलेली दिसली. तिच्या एकवीस जुड्या काही झाल्या नाहीत, पण एकवीस दूर्वा मिळाल्या.

"तेवढी उपटायला कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता," सूनबाई म्हणाल्या. "मी त्याला सांगितलंय, गौरी जाईपर्यंत थांब."